तापमानाचा कारभार : प्रस्तावना

कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या रोखाने निघाली म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या पत्र्याच्या छपरांखाली बाटल्यांच्या बुचांपासून विजेच्या खटक्यांपर्यंत आणि खेळण्यांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत प्लास्टिकच्या नानाविध वस्तू दिवसपाळी-रातपाळी साच्यांतून बाहेर पडत असतात. या व्यवसायातील यंत्रांविषयी, साच्यांविषयी आणि दाण्याच्या चढउतार होणाऱ्या भावांविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु यंत्राच्या शेजारी एका लोखंडी पेटीत बसून साच्याच्या पोटातील दहा-वीस ठिकाणांची उष्णता क्षणोक्षणी तपासणारा आणि प्रत्येक ठिकाणी किती वीज सोडावयाची याचा निर्णय माणसाला न विचारता करणारा जो तापमान-नियंत्रक, ज्याला गाळ्यातील मंडळी नुसते ‘कंट्रोलर’ म्हणतात, त्याच्याविषयी मराठीत सलग आणि सांगोपांग विवेचन माझ्या पाहण्यात आलेले नाही. प्रस्तुत ग्रंथ ती उणीव भरून काढण्याच्या हेतूने लिहिला गेला आहे, आणि या विषयाशी पूर्वपरिचय नसलेल्या वाचकाला त्याच्या प्रदेशाची सरहद्द एकवार दाखवून द्यावी, एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन होय.

प्रथम भूमीविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. अंबरनाथची ख्याती शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा लेख धारण करणाऱ्या शिलाहारकालीन शिवालयामुळे आहे. पण त्याच गावात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडिश भांडवलाच्या विमको कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना चालत होता, आणि स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना व त्याच्या जोडीने यंत्रावजारांचे नमुने घडविणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना उभा राहिला. या सरकारी कारखान्यांनी आसमंतात धातूकामाची शिस्त रुजविली. शतांश मिलिमीटरची भाषा ज्यांच्या घरात बोलली जाते अशी कुटुंबे अंबरनाथेत निर्माण झाली, आणि साचे घडविणाऱ्या कसबी कारागिरांचा पुरवठा पुढे याच मनुष्यबळातून होत राहिला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. उल्हासनगरची कुळकथा निराळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बांधलेल्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जमीनजुमला, पेढी, दप्तर सारे मागे टाकून आलेल्या या समाजाने बराकीच्या एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत उद्योग असा प्रपंच मांडला. अल्प भांडवल, हाताने दांडा ओढून चालणारे मोल्डिंग यंत्र आणि दुरुस्ती स्वतःच करण्याची हिंमत हे त्या उद्योगाचे लक्षण होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर अंबरनाथ-बदलापूरच्या माळांवर औद्योगिक वसाहती आखल्या गेल्या, बारवी धरणाचे पाणी त्यांना मिळाले, आणि सरकारी कारखान्याचे कसब व निर्वासितांची उद्यमशीलता यांना एकत्र येण्यास जागा झाली. या ग्रंथातील विषयाचा वाचक याच तीन गावांच्या मिश्रणातून तयार झालेला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. प्लास्टिकचा दाणा वितळवून तो दाबाने बंद साच्यात भरावयाचा, निववावयाचा आणि साचा उघडून वस्तू बाहेर काढावयाची, ही इंजेक्शन मोल्डिंगची क्रिया वर्णनास सोपी आहे. परंतु तिचे यशापयश उष्णतेच्या एका अरुंद पट्ट्यात सामावलेले असते. पॉलिप्रोपिलीन साधारणपणे २०० ते २५० अंश सेल्सिअसमध्ये समाधानाने वाहते; पॉलिकार्बोनेटला २८० ते ३२० अंशांची अपेक्षा असते; पीव्हीसी प्रमाणाबाहेर तापले तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडून साच्याचे पोलादच खाऊ लागते; आणि अॅसिटल जळाले म्हणजे फॉर्मॅल्डिहाइडच्या दर्पाने कामगारांच्या डोळ्यांतून पाणी काढते. उष्णता थोडी उणी पडली तर साचा पुरता भरत नाही, ‘शॉर्ट’ येतो. थोडी वाढली तर साच्याच्या फटीतून पापुद्रा निघतो, मालावर चांदीसारखे चट्टे उमटतात. या चट्ट्यांना दाण्यातील ओलावाही कारण होतो, आणि ओलावा कोणता व अतिताप कोणता हे ओळखणे हीच अनुभवी सुपरवायझरची परीक्षा असते. यंत्राच्या नळीवर तीन-चार तापविभाग, साच्यातील तप्त वाहिन्या व नोझल यांचे स्वतंत्र विभाग, आणि साच्याच्या भिंतींतून पाणी किंवा तेल फिरवून त्याला एका ठरावीक तापमानावर राखण्याची तिसरी व्यवस्था, असे या शास्त्राचे तीन प्रांत आहेत. त्यांपैकी दुसऱ्या प्रांताचा कारभार सर्वांत गुंतागुंतीचा असल्यामुळे ग्रंथकर्त्यांनी त्यालाच मध्यवर्ती स्थान दिले आहे, आणि ते मला सर्वथैव योग्य वाटते.

या कलेचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात आणि त्याचा भाऊ यांनी १८७२ साली सेल्युलॉइड दाबून भरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्रात दट्ट्या होता, आणि पुढे सत्तर-पाऊणशे वर्षे दट्ट्याचेच राज्य राहिले. १९४६ साली जेम्स हेन्ड्री याने दट्ट्याच्या जागी फिरता स्क्रू आणला, त्यामुळे माल सारखा घुसळला जाऊन सारखा तापू लागला. साच्यातील वाहिन्या मात्र थंडच होत्या. प्रत्येक वेळी वस्तूबरोबर त्या वाहिन्यांत गोठलेला ‘रनर’ही बाहेर पडे, तो तोडावा लागे, दळावा लागे, पुन्हा दाण्यात मिसळावा लागे. वाहिनीच तप्त ठेवली तर माल तिच्यात द्रवरूप राहील आणि रनर निघणारच नाही, ही कल्पना १९४० सालच्या एका अमेरिकी पेटंटात नमूद झालेली आढळते; परंतु ती व्यवहारात उतरण्यास दोन दशके लागली, कारण साच्याच्या पोटातील तो वितळलेला ओघ नेमक्या तापमानावर राखण्याचे साधनच उपलब्ध नव्हते. कल्पना आधी आणि तिला सांभाळणारा नियंत्रक मागाहून, असा हा क्रम होता. १९६० नंतर कॅनडातील मोल्ड-मास्टर्ससारख्या कंपन्यांनी तप्तवाहिनी साचे प्रचारात आणले, आणि त्यांच्या बरोबरीनेच नियंत्रकाचा विकास झाला.

नियंत्रणाच्या शास्त्रात प्रमुख संप्रदाय तीन आहेत. पहिल्या संप्रदायाचे लोक हीटरला ठरावीक प्रमाणात वीज देऊन मोकळे होतात. उष्णता किती झाली याची विचारपूस नाही. जुन्या गाळ्यांतील शेगडीच्या खटक्यासारखे जे गोल बटण एक ते दहा आकड्यांवर फिरविले जाते, ते या पंथाचे. दुसरा संप्रदाय चालू-बंदवाल्यांचा : ठरलेल्या आकड्याखाली वीज पूर्ण सुरू, आकड्यावर पूर्ण बंद. या पद्धतीचा दोष असा की हीटर बंद केल्यावरही त्याच्या अंगात साठलेली उष्णता साच्याकडे जातच राहते, त्यामुळे आकडा पुढे उसळतो, मग खाली घसरतो, आणि पुन्हा उसळतो. लाडवांसाठी पाक करणारी सुगरण एकतारी होण्याच्या थोडे आधीच पातेले उतरवते, कारण भांड्याच्या अंगची उष्णता उरलेले काम करणार हे तिला ठाऊक असते. तिसऱ्या संप्रदायाने हेच शहाणपण गणितात बांधले. रशियातून अमेरिकेत गेलेल्या निकोलस मिनोर्स्कीने १९२२ साली जहाजाचे सुकाणू आपोआप धरण्याच्या प्रश्नावर लिहिताना असे दाखविले, की चूक आता किती आहे, ती किती काळ साठत आली आहे आणि ती किती वेगाने बदलत आहे या तिन्ही गोष्टींचा हिशेब एकत्र घेतला तरच नियंत्रण स्थिर होते. १९४२ साली झीग्लर आणि निकोल्स यांनी या तीन घटकांची प्रमाणे कशी ठरवावीत याची व्यवहारी रीत प्रसिद्ध केली. आज ज्याला आपण पीआयडी म्हणतो ते हेच. आणि आपल्या कंट्रोलरमधील प्रत्येक विभागाच्या कार्डावर ‘ऑटोट्यून’ अशी जी सोय असते ती या रीतीचीच यांत्रिक नात आहे.

परंतु गणित कितीही निर्दोष असले तरी नियंत्रकाला जग दिसते ते एकाच खिडकीतून, आणि ती खिडकी म्हणजे थर्मोकपल. दोन भिन्न धातूंच्या तारांचे सांधे भिन्न तापमानावर असले तर परिपथात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो, हा परिणाम थॉमस सीबेक याला १८२१ साली आढळला. सांध्यावर निर्माण होणारा विद्युतदाब मिलिव्होल्टांत मोजण्याइतका अल्प असतो, पण त्यावर हा सारा डोलारा उभा आहे. तप्तवाहिनी साच्यांत बहुधा लोखंड व कॉन्स्टन्टन यांचे जे-जातीचे थर्मोकपल असते, आणि काही साच्यांत क्रोमेल व अॅल्युमेल यांचे के-जातीचे. आमच्या भागात चिनी, कोरियन, जर्मन आणि अमेरिकी धाटणीचे साचे एकाच गाळ्यात नांदतात, त्यांच्या तारांचे रंगसंकेत परस्परांशी जुळत नाहीत, आणि येथेच मोठ्या नुकसानीचे बीज असते. अमेरिकी संकेतात लाल तार ऋण असते, तर जुन्या जर्मन संकेतात लाल तार धन. जातीची अदलाबदल त्याहून घातक. समजा साच्यात के-जातीचे थर्मोकपल आहे आणि कार्डावर जे-जातीची निवड झाली आहे : के-जातीची तार त्याच तापमानाला कमी दाब देते, त्यामुळे कार्डाला साचा थंड वाटतो, आणि २२० अंशांवर ठेवलेला विभाग प्रत्यक्षात २८० अंशांच्या पलीकडे तापत राहतो, पडद्यावर मात्र २२० हाच आकडा शांतपणे उभा असतो. अशा वेळी मालाला करपट वास येतो, आणि नवखा कामगार दाण्याला दोष देतो. पडद्यावरचा आकडा हे थर्मोकपलच्या टोकाचे तापमान असते, मालाचे नव्हे. हे तत्त्व ग्रंथकर्त्यांनी वारंवार आणि निरनिराळ्या संदर्भांत सांगितले आहे, आणि ही पुनरुक्ती मला मुळीच खटकली नाही. वैशाखात पत्र्याखाली ४० अंशांवर गेलेल्या गाळ्यात पेटीतील जोडणीच्या जागीचे तापमानही मोजमापात जमेस धरावे लागते, आणि हलक्या प्रतीच्या कार्डांत ही भरपाई नीट होत नाही, हा मुद्दाही त्यांनी योग्य जागी घेतला आहे.

आता ज्या गुणामुळे हे उपकरण आमच्या छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते, त्याकडे येतो. कार्डांच्या कंट्रोलरमध्ये पोलादी चौकट असते, तिच्यात पाच, आठ, बारा अशी घरे असतात, आणि प्रत्येक घरात एकेक कार्ड सरकवून बसविलेले असते. एक कार्ड म्हणजे एक विभाग : त्याचा स्वतःचा आकडा, स्वतःचा वीज सोडणारा ट्रायक, स्वतःचे फ्यूज. रूढ मापाचे कार्ड १५ अॅम्पियर वाहते, म्हणजे २४० व्होल्टवर ३,६०० वॉटपर्यंतचा हीटर सांभाळते. एका कार्डाने कसूर केली तर तेवढाच विभाग बंद पडतो, बाकीच्यांचा अंमल चालू राहतो; आणि कसूर कोणाची हे ठरविण्याची जी तजवीज या रचनेत आपोआप होते, ती माझ्या मते या शोधाचे खरे वैभव आहे.

एक प्रसंग कल्पावा. रातपाळीला चौथ्या विभागाचा आकडा ठरल्यापेक्षा ६० अंश वर गेला आहे, कार्ड वीज शून्य टक्के देत असल्याचे दाखवीत आहे, आणि तरी उष्णता वाढतच आहे. कामगाराने मुख्य खटका बंद करावा, चौथे आणि पाचवे कार्ड उपसून परस्परांच्या घरात बसवावे, दोन्हींवर थर्मोकपलची जात व ठरलेला आकडा तपासून घ्यावा आणि पुन्हा सुरू करून लक्ष ठेवावे. दोष कार्डाबरोबर पाचव्या घरात गेला, तर ट्रायक जळून सांधला गेला आहे असे समजावे, कारण ट्रायक निकामी होतो तेव्हा बहुधा तो उघडा न राहता कायमचा जोडलेलाच राहतो. दोष चौथ्या घरातच राहिला, तर तो केबलमध्ये, हीटरमध्ये किंवा थर्मोकपलमध्ये आहे. मग मल्टिमीटर घ्यावा. २३० व्होल्टच्या ५०० वॉट हीटरचा रोध सुमारे १०६ ओहम भरला पाहिजे. अनंत दाखवीत असेल तर तार तुटली, अगदी अल्प असेल तर आतल्या आत सांधली. पंधरा मिनिटांत, परगावच्या तंत्रज्ञाला दूरध्वनी न करता, दोषाची जागा निश्चित होते. थर्मोकपलच तुटले असेल आणि पहाटेपर्यंत माल द्यावयाचाच असेल, तर कार्ड हस्तनियंत्रणावर टाकून आधीच्या सरासरी टक्क्यावर चालविता येते, आणि चांगल्या कार्डांत त्याला शेजारच्या विभागाच्या मागोमाग चालण्याचा हुकूमही देता येतो. मोठ्या कंपनीच्या गोदामात दुसरा साचा, दुसरे यंत्र, दुसरा कंट्रोलर तयार असतो; उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधील दोन यंत्रांच्या गाळ्यात यांपैकी काहीच नसते, तेथे कपाटात ठेवलेले एक जादा कार्ड हाच साऱ्या पाळीचा आधार असतो. दोष वेगळा काढता येणे आणि तेवढाच बदलता येणे, यावरच लहान कारखान्याचे स्वातंत्र्य अवलंबून आहे असे माझे ठाम मत आहे.

याच कारणास्तव, एकाच मोठ्या स्पर्शपटलावर शेकडो विभाग दाखविणाऱ्या आणि सर्व नोंदी दप्तरात जतन करणाऱ्या नव्या धाटणीच्या नियंत्रकांविषयी मला आदर असला तरी सरसकट शिफारस करवत नाही. औषधांच्या वेष्टनांत किंवा मोटारींच्या भागांत, जेथे गिऱ्हाईक प्रत्येक शॉटचा दाखला मागतो, तेथे ते अपरिहार्य आहेत, आणि त्यांतील अनेकांत आतून कार्डेच असतात. परंतु पडदाच बिघडला तर सारे विभाग एकदम आंधळे होतात, आणि त्याची दुरुस्ती अंबरनाथेत होत नाही. या वादात ग्रंथकर्त्यांनी माझ्याइतकी कठोर भूमिका घेतलेली नाही, आणि दोन्ही बाजूंचा तपशील प्रामाणिकपणे मांडला आहे, हे नमूद करणे मला भाग आहे.

आमच्या भागाचे हवामान हा या ग्रंथाचा एक विशेष विषय आहे, आणि परदेशी पुस्तिकांत तो जवळजवळ नसतोच. उल्हास नदीच्या खोऱ्यातील पाऊस किती निर्दय असतो हे २६ जुलै २००५ च्या पुराने आणि त्यानंतर २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकून पडलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसने सर्वांस दाखवून दिले. पण पूर न येताही जुलै-ऑगस्टची दमट हवा हीटरच्या आतवर जाते. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते, ती उष्णता नेते आणि वीज अडविते. परंतु ती हवेतील ओलावा शोषून घेते, आणि चार दिवस बंद राहिलेल्या साच्याला एकदम पूर्ण वीज दिली तर ओल्या भुकटीतून वीज जमिनीकडे गळू लागते, खटका पडतो, प्रसंगी हीटर फुटतो. चांगले कार्ड आरंभी थोडी थोडी वीज देऊन, विभाग १०० अंशांच्या आसपास येईपर्यंत, ओलावा हळूहळू बाहेर काढते. यालाच ‘सॉफ्ट स्टार्ट’ म्हणतात. घाईच्या भरात ही सोय बंद ठेवणारे कारखाने मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या भंगाराच्या डब्यात पडलेले हीटरही पाहिले आहेत. बरसातीच्या दिवसांत कोणत्या क्रमाने विभाग सुरू करावेत, वीज वारंवार जात असेल तर काय बंदोबस्त ठेवावा, तप्तवाहिनीत अडकलेला माल जळू नये म्हणून विभाग किती अंशांवर उतरवून ठेवावेत, याचे जे विवेचन पुढे आले आहे ते मला या ग्रंथाचा सर्वांत मौलिक भाग वाटते.

हा विषय आजच का मांडावयाचा, याचेही उत्तर या भूमीतच आहे. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, आणि पेले, चमचे व तत्सम स्वस्त मालावर चालणाऱ्या गाळ्यांना नवा माल शोधणे प्राप्त झाले. विजेची उपकरणे, वैद्यकीय साधने, पाण्याच्या जोडण्या यांचे साचे नाजूक असतात, त्यांत तप्तवाहिन्या असतात, आणि तेथे हाताच्या अंदाजावर चालणारा कारभार टिकत नाही. शिवाय रनर न निघणे म्हणजे दळावयाचा माल कमी आणि वीजही कमी, हा जमाखर्च कोणत्याही मालकास समजतो. त्याच वेळी पुनर्वापराचा दाणा वापरण्याची सक्ती आणि ओढ दोन्ही वाढत आहेत, आणि असा दाणा पोत्यागणिक वेगळा वाहत असल्यामुळे नियंत्रकावरील भार वाढतो. ज्यांनी आजवर दहा-बारा साध्या साच्यांवर संसार केला त्यांच्यापुढे हा बदल अचानक आलेला आहे, आणि त्यांना इंग्रजी पुस्तिकेच्या भरवशावर सोडणे मला न्याय्य वाटत नाही.

ग्रंथकर्त्यांनी आपला वाचक म्हणून अभियंता गृहीत धरलेला नाही. आयटीआयमधून वायरमन किंवा फिटर होऊन बाहेर पडलेला, रातपाळीला एकटा उभा राहणारा तरुण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणूनच समीकरणे थोडी आणि मोजमापे पुष्कळ आहेत, आणि गाळ्यात रूढ असलेले शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. नवी यंत्रणा विकत घेणाऱ्या मालकासाठी प्रश्नांची यादी दिली असून कोणत्याही एका कंपनीची तरफदारी केलेली नाही. साच्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रांत मात्र येथे ओझरताच आला आहे, आणि चिलर, क्षार व साच्याच्या नलिकांत बसणारे खडे यांचे प्रकरण स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज असल्यामुळे ते तूर्त बाजूला ठेवण्याचा निर्णय मला मान्य आहे. शेवटी दोन कोष्टके जोडली आहेत : एकात जे आणि के या जातींचे तापमानागणिक मिलिव्होल्ट, आणि दुसऱ्यात निरनिराळ्या देशांचे तारांचे रंगसंकेत. ही दोन पाने कापून, प्लास्टिकच्या वेष्टनात घालून, कंट्रोलरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवावीत अशी ग्रंथकर्त्यांची सूचना आहे, आणि पान कापता यावे म्हणून त्यांच्या कडेला छिद्रांची रेघ मुद्दाम पाडवून घेतली आहे.